पंधरा मिनिटं, एक सही आणि माझी शिट्टी

२८ जानेवारी २०२४, रविवार. लेकाच्या संघाने बास्केटबॉलचा सोळा वर्षांखालचा सामना ४७-४८ असा एका गुणाने घालवला. पोरगं न जेवताच झोपलं. मी मोबाइलवर काढलेला व्हिडिओ बघत बसले होते आणि रात्री साडेअकराला ताडकन उठले. दुसऱ्या क्वार्टरमध्ये आमच्या मुलाने टाकलेली साधी दोन गुणांची बास्केट समोरच्या संघाच्या नावावर चढली होती. टेबलावर पाट्या फिरवणाऱ्या पोराने त्यांची पाटी १८ वरून २० केली, हे व्हिडिओत स्वच्छ दिसत होतं. खरा हिशेब ४९-४६. आम्ही जिंकलो होतो.

सोमवारी पतपेढीत अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि दोन पानी अर्ज, सोबत पेन ड्राइव्ह, असा सरंजाम घेऊन स्पर्धेच्या कार्यालयात पोचले. तिथल्या गृहस्थांनी चहा मागवला, अर्ज शेवटपर्यंत वाचला, चष्मा काढला.

"मॅडम, गुण लिहिण्यात चूक झाली तर मुख्य पंचाची स्कोअरशीटवर सही होईपर्यंत केव्हाही दुरुस्त करता येते. सही झाली की वही बंद. हरकत घ्यायची असेल तर सामना संपल्यावर पंधरा मिनिटांच्या आत कॅप्टनने मुख्य पंचाला सांगायचं आणि शीटवर ठरलेल्या जागी सही करायची. तुम्ही सतरा तासांनी आलात."

"पण हे कुणाला माहीत असतं?"

"ज्यांनी पुस्तक वाचलंय त्यांना."

मी काही बोलले नाही. निघताना ते म्हणाले, "आमच्याकडे पंच कमी आहेत. बायका तर हाताच्या बोटांवर. परीक्षा असते, द्या की." तो अर्धा टोमणा होता. उरलेला अर्धा घेऊन मी घरी आले.

पुढचे तेरा महिने कसे गेले ते लिहिते आहे, कारण जिल्हा पंच परीक्षेबद्दल मराठीत काही शोधायला गेले तेव्हा हाती काहीच लागलं नव्हतं. इथले आकडे आणि तारखा माझ्या आहेत. तुमच्या जिल्ह्यात शुल्क, गुण, सामन्यांची संख्या वेगळी असू शकते. फॉर्म भरायच्या आधी विचारून घ्या.

माझं वय ४३. कॉलेजात असताना माटुंग्याला खेळायचे. मग नोकरी, लग्न, मूल, आणि खेळ म्हणजे टीव्हीसमोर बसून पंचांना शिव्या घालणं. त्यात मी तयार होते. बरोबर वर्षभर आधी, २९ जानेवारी २०२३ च्या रविवारी सकाळी, एनबीए या अमेरिकन लीगमधला लेकर्स-सेल्टिक्स सामना बघताना माझे पोहे करपले होते. बरोबरीत असताना शेवटच्या क्षणी लेकर्सचा लेब्रॉन जेम्स ले-अपला, म्हणजे अगदी रिंगजवळून बास्केट टाकायला, चढला, जेसन टेटमचा हात त्याच्या हातावर बसला आणि तिघांपैकी एकाही पंचाने शिट्टी मारली नाही. सामना ओव्हरटाइममध्ये गेला, लेकर्स १२५-१२१ हरले. पंचांच्या संघटनेने नंतर जाहीरपणे चूक कबूल केली. मी इतकी ओरडले होते की खालच्या मजल्यावरच्या काकूंनी फोन करून "सगळं ठीक ना गं?" म्हणून विचारलं. माझं मत पक्कं होतं: एक तर यांना दिसत नाही, नाहीतर यांनी पैसे खाल्लेत.

पैसे खाल्ल्याचा संशय अगदीच हवेतला नव्हता म्हणा. टिम डोनागी नावाच्या एनबीए पंचाने सामन्यांवर सट्टा लावल्याचं २००७ साली कोर्टात कबूल केलं आणि पुढच्या वर्षी त्याला १५ महिन्यांची शिक्षा झाली. लेकर्स-किंग्ज मालिकेतला २००२ चा सहावा सामना तर जुने लोक अजून उगाळतात. एकट्या चौथ्या क्वार्टरमध्ये लेकर्सना २७ फ्री थ्रो, म्हणजे फाउलबद्दल मिळणारे बिनअडथळ्याचे शॉट, मिळाले होते. तेच किंग्ज ५ ऑक्टोबर २०१९ ला वरळीच्या एनएससीआय डोममध्ये पेसर्सविरुद्ध खेळले तेव्हा मी प्रेक्षकांत होते. त्या संध्याकाळच्या पंचांपैकी एकाचाही चेहरा मला आठवत नाही. पंचाला याहून मोठी शाबासकी नाही, हे तेव्हा कळायचं काही कारण नव्हतं.

फॉर्म

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात व्हॉट्सॲपवर सूचना फिरली. शुल्क ५०० रुपये, सोबत आधार, दहावीचं प्रमाणपत्र, चार फोटो, डॉक्टरचा फिटनेस दाखला. दाखल्याचे ३०० गेले. खरी अडचण नावाची. दहावीचं प्रमाणपत्र माहेरच्या नावाचं, आधार सासरच्या. लग्नाचा दाखला जोडला, तर म्हणे मधल्या नावाचं स्पेलिंग जुळत नाही, प्रतिज्ञापत्र आणा. शंभराचा स्टॅम्पपेपर, नोटरीचे दोनशे, आणि दोन फेऱ्या. बायकांनो, हा कागद आधीच करून ठेवा. शेवटच्या तारखेला नोटरीकडे रांग असते आणि तो जेवायला गेलेला असतो.

शिबिर ११-१२ मेला होतं. मुंबईचं लोकसभेचं मतदान २० मेला आलं, शाळेचा हॉल निवडणुकीच्या कामासाठी गेला आणि शिबिर पुढे ढकललं गेलं. नवी तारीख पाच आठवडे कुणी सांगेना. हा वेळ वाया घालवू नका. फीबा म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघ, त्यांचं नियमपुस्तक त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं. मी दादरला त्याची प्रिंट काढून स्पायरल बांधून घेतली, १८० रुपये. त्याच्या जोडीला नियमांचे अधिकृत अर्थ सांगणारा वेगळा दस्तऐवज असतो, तोही काढा. परीक्षेतले घोळात पाडणारे प्रश्न सगळे तिथले होते. आणि कुठल्या आवृत्तीवर परीक्षा आहे ते विचारा, कारण १ ऑक्टोबर २०२४ पासून नवं पुस्तक लागू झालं आणि आमची लेखी परीक्षा जुन्यावर, सामने निम्मे जुन्यावर निम्मे नव्यावर झाले.

शिबिर, १५ आणि १६ जून

चाळीसेक जण, त्यात आम्ही सहा बायका. बहुतेक मुलं विशी-पंचविशीतली, खेळून आलेली. पहिल्या दिवशी मला वाटलं होतं फाउल, ट्रॅव्हल, तीन सेकंद यावर चर्चा होईल. शिकवणाऱ्या सरांनी अख्खी सकाळ गुण नोंदवायच्या टेबलावर घालवली. स्कोअरशीट कसं भरायचं, पहिल्या आणि तिसऱ्या क्वार्टरला लाल पेन, दुसऱ्या आणि चौथ्याला निळं किंवा काळं, तीन गुणांची बास्केट टाकणाऱ्याच्या नंबराला गोल, फ्री थ्रोला भरीव ठिपका. एक पोरगं कुजबुजलं, "आपण क्लार्क व्हायला आलोय का?" सरांच्या कानावर गेलं असावं.

त्यांनी म्युनिक ऑलिंपिकची गोष्ट सांगितली. १९७२ चा अंतिम सामना, अमेरिका आणि सोव्हिएत संघ. अमेरिका ५०-४९ ने पुढे, तीन सेकंद उरलेले. टाइम-आउट मागितला की नाही यावर गोंधळ, भोंगा भलत्या वेळी, घड्याळ नीट लावलेलं नाही. ते तीन सेकंद एकूण तीन वेळा खेळवले गेले. फीबाचे सरचिटणीस विल्यम जोन्स यांनी स्वतः येऊन घड्याळ तीन सेकंदांवर न्यायला लावलं, आणि शेवटच्या खेपेला अलेक्झांडर बेलोवने बास्केट टाकली. ५१-५०. ब्राझीलचे पंच रेनातो रिघेत्तो यांनी स्कोअरशीटवर सही करायला नकार दिला. अमेरिकेची हरकत पाच जणांच्या समितीने ३-२ ने फेटाळली आणि अमेरिकन खेळाडूंनी रौप्यपदकं घेतलीच नाहीत.

"ऑलिंपिकची फायनल कुठे बिघडली? कोर्टावर की टेबलावर?" सरांनी विचारलं. क्लार्कवाला खाली बघत होता.

दुसरी गोष्ट डिसेंबर २००७ ची, एनबीएमधल्या हीट आणि हॉक्सच्या सामन्याची. ओव्हरटाइममध्ये ५१.९ सेकंद राहिले असताना टेबलाने हीटच्या शकील ओ'नीलचे सहा फाउल झाले म्हणून त्याला बाहेर काढलं. मोजणीत चूक होती, झाले होते पाचच. एनबीएने हरकत मान्य केली आणि मार्च २००८ मध्ये तेवढे ५१.९ सेकंद पुन्हा खेळवले. तोवर शकील फिनिक्सच्या संघाकडे गेलेला. म्हणजे ज्याच्यावर अन्याय झाला तो पुन्हा खेळायला नव्हताच. निकालही बदलला नाही.

मला माझ्या पेन ड्राइव्हची आठवण झाली. थोडं बरं वाटलं, थोडी लाजही वाटली.

दुपारी कोर्टावर. दोन पंच असले की एक बेसलाइनवर, त्याला लीड म्हणायचं, दुसरा मागून येणारा ट्रेल. मी ट्रेल होते, मुलं खेळत होती, आणि सरांनी विचारलं, "आता हात लागला का?" मी म्हटलं, "लागला." "कुठल्या हाताला?" मला सांगता येईना. "मग लागला कशावरून म्हणालीस?" मी चेंडू उडाल्यावरून अंदाज केला होता. सर म्हणाले की दिसलं नाही म्हणून सुटलेला फाउल परवडला, न दिसलेला दिलेला फाउल परवडत नाही. दुसरं म्हणजे पळता पळता बघायचं नाही. आधी जागेवर पोचायचं, थांबायचं, मग बघायचं, आणि दोघांच्या मधली फट दिसेल असं उभं राहायचं. पाठीमागून बघितलं तर पाठच दिसते.

इतकं साधं. पण कॉलेजात चार वर्षं खेळून आणि वीस वर्षं टीव्ही बघून हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. टीव्हीचा कॅमेरा कायम उंचावर, बाजूला, स्थिर. पंचाला ती जागा कधीच मिळत नाही.

पळणं

वीस मीटरची शटल रन. रेकॉर्डिंगवर बीप वाजतो, त्याच्या आत पलीकडची रेघ गाठायची, बीप हळूहळू जवळ येत जातात. फीबाच्या पंचांसाठी बायकांना ६६ फेऱ्या, पुरुषांना ८६. आमच्या जिल्ह्याला बायकांच्या ४५ चालत होत्या. मी पहिल्यांदा सोसायटीच्या आवारात पाण्याची टाकी ते सेक्रेटरींची स्कूटर असं शिंप्याच्या टेपने मोजून पळाले, तेव्हा १९ झाल्या. वॉचमनने खुर्ची आणून दिली.

दहा आठवडे, आठवड्यातून चार दिवस, पहाटे साडेपाचला. एक टिप: पहिल्या फेऱ्यांना बीपच्या आधी पोचून ऐटीत उभं राहू नका. बीपबरोबर पोचा, दम वाचतो. वळताना एकच पाय सारखा वापरला तर गुडघा बोलायला लागतो, तेव्हा पाय आलटून पालटून वळा.

चाचणी ७ जुलैला, रविवारी संध्याकाळी. माझ्या ४८ झाल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे मुंबईत धो धो पाऊस कोसळला, मध्य रेल्वे बंद पडली, पतपेढीला सुट्टीच मिळाल्यासारखं झालं आणि मी पिंडऱ्यांना तेल लावून दिवसभर लोळले. त्या पावसाचं कौतुक करणारी त्या दिवशी मुंबईत मी एकटीच असेन.

नापास

लेखी परीक्षा २१ जुलैला. ५० प्रश्न, चूक की बरोबर, पास व्हायला ४०. मला ३६. घरी सांगायला आठवडा लागला. लेकाने फक्त "रीटेस्ट कधी आहे?" एवढंच विचारलं. तो त्याच्या बाबांवर गेलाय.

चुकले कुठे? मी टीव्हीवरून शिकलेले एनबीएचे नियम डोक्यात बसले होते. तिथे क्वार्टर बारा मिनिटांचा, आपल्याकडे दहा. तिथे सहा फाउलला बाहेर, आपल्याकडे पाच. फीबामध्ये चेंडू रिंगला लागल्यावर तो रिंगवर नाचत असतानाही खेळाडूला हाताने उडवता येतो, एनबीएमध्ये तो नियमभंग. असे सात-आठ प्रश्न. तुम्हीही पहाटे उठून एनबीए बघणाऱ्यांपैकी असाल तर आधी एक वही करा आणि दोन्हीकडचे फरक समोरासमोर लिहून काढा. फेरपरीक्षा १८ ऑगस्टला, २०० रुपये, गुण ४३.

मग कपडे. पंचाचा राखाडी शर्ट ६५०, काळी पँट ९००, काळे बूट २४००. धोबी तलावच्या दुकानांत सगळं एका फेरीत मिळालं. शिट्टीवर मात्र कंजुषी करू नका. माझी फॉक्स ४० आहे, ४५० रुपयांची, आत गोळी नसलेली. ती काढली रॉन फॉक्सक्रॉफ्ट नावाच्या कॅनडाच्या बास्केटबॉल पंचाने. मोठ्या सामन्यात त्याने शिट्टी फुंकली आणि आतली गोळी अडकून आवाजच आला नाही. त्याने दिसलेला फाउल दिला होता, पण जगाच्या लेखी त्याची ती चूकच. त्यातून बिनगोळीची शिट्टी बनली, १९८७ मध्ये बाजारात आली. शिट्टी दातांत हलकी धरायची आणि श्वास नाकाने घ्यायचा, नाहीतर दम लागला की ती आपोआप वाजते. माझी दोनदा वाजली आहे.

सरावाला मी संध्याकाळी नागपाड्याला जायचे, भायखळा स्टेशनवरून चालत. मुंबईत बास्केटबॉल श्वासासारखा खेळला जातो तो तिथे. पोरांच्या सरावसामन्यात शिट्टी मारू द्या म्हटलं तर कुणी नाही म्हणत नाही. पण सोडतही नाही. "मॅडम, वो हात था, बॉल नहीं!" असं बारा वर्षांचं पोरगं कंबरेवर हात ठेवून सांगतं. आणि बऱ्याचदा ते बरोबर असतं. टेबलाला नंबर दाखवायचा सराव मी तिथेच केला: नंबर १६ किंवा त्याहून मोठा असला तर आधी उलटा हात दशकाचा, मग सुलटा एककाचा, आणि त्याच्याही आधी तोंडाने संघाचा रंग. रंग राहिला की फाउल भलत्या संघावर चढतो. मी त्या रात्री व्हिडिओत पाहिलेल्या पाटीसारखा.

दहा सामने

परिवीक्षेचे दहा सामने, सप्टेंबर ते डिसेंबर. मानधन नाही, प्रवासखर्चाचे सामन्यामागे १५० रुपये. दर सामन्याला एक निरीक्षक कोपऱ्यात बसून फॉर्म भरणार. पहिल्या चार सामन्यांबद्दल सांगण्यासारखं काही नाही. मी घाबरलेली होते आणि कमी शिट्ट्या मारल्या.

सातवा सामना सांगायला हवा. १० नोव्हेंबर, रविवार, उपनगरातलं सिमेंटचं कोर्ट, पुरुषांचा खुला गट, पांढरे आणि निळे. माझ्याबरोबर अट्ठावन्न वर्षांचे अनुभवी सर होते. चौथ्या क्वार्टरमध्ये साडेतीन मिनिटं उरली असताना मी निळ्यांच्या ११ नंबरला फाउल दिला. ड्रिबल करणाऱ्याला ढकललं, शॉट नव्हता. बाजूने चेंडू आत टाकायला पांढऱ्यांना दिला.

तो निळ्यांचा त्या क्वार्टरमधला पाचवा सांघिक फाउल होता. दोन फ्री थ्रो द्यायचे होते. चौथ्या फाउलनंतर टेबलावर लाल खूण ठेवायची असते, ती ठेवली नव्हती. पण मी टेबलाकडे बघितलंच नाही, त्यामुळे ती असती तरी मला दिसली नसती.

पांढऱ्यांनी चेंडू आत टाकला, घड्याळ चालू झालं, शॉट चुकला, निळ्यांनी रिबाउंड (हुकून परत आलेला चेंडू) घेतला, पलीकडे पळाले, पांढऱ्याच्या हाताला लागून चेंडू बाहेर. खेळ थांबला. पांढऱ्यांचे कोच ओरडत होते, "मॅडम, फाउल मोजा! फाउल मोजा!" मला वाटलं, चेंडू कुणाच्या हाताला लागला त्यावर वाद घालतायत. मी तळहात दाखवून त्यांना गप्प केलं आणि निळ्यांच्या खेळाडूच्या हातात चेंडू दिला. दोन सेकंदांनी टेबलावरून भोंगा वाजला.

उशीर झाला होता. द्यायचे फ्री थ्रो दिले नाहीत, तर ती चूक सुधारता येते; पण चुकीनंतर घड्याळ चालू होऊन खेळ पहिल्यांदा थांबला की त्या थांब्यातच. त्यानंतर चेंडू पुन्हा जिवंत झाला की नाही. आत टाकणाऱ्याच्या हातात चेंडू दिला की तो जिवंत. म्हणजे माझ्याकडे एकच स्टेशन होतं उतरायला, आणि तिथे गाडी थांबलेली असताना, दारात कुणीतरी ओरडून सांगत असताना, मी उतरले नाही. तेव्हा थांबले असते तर पांढऱ्यांना दोन फ्री थ्रो, मग जिथे थांबलो तिथून निळ्यांचा चेंडू, इतकं सोपं होतं. मी एक परीक्षा नापास होऊन हा नियम पाठ केला होता. क्रमांकासकट.

सरांनी दोन्ही कोचना बोलावून शांतपणे सांगितलं. पांढरे तीन गुणांनी हरले. नंतर मला सगळे म्हणाले, दोन गुणांनी काय फरक पडला असता? पडला असता. तीनने मागे असलेला संघ शेवटी लांबून शॉट मारतो, एकने मागे असलेला आत घुसतो. तो वेगळाच सामना झाला असता. सामन्यानंतर मी पांढऱ्यांच्या कोचकडे गेले आणि म्हटलं, "माझी चूक होती, तुम्ही सांगत होतात ते मी ऐकलं नाही." ते म्हणाले, "बरं." दुसरं काही नाही. मला ते पुरलं.

परतीच्या लोकलमध्ये सर घाटकोपरपर्यंत काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "कोच ओरडला की तो नेहमी रडतच असतो असं नाही. शंभरात पाच वेळा तो मदत करत असतो. कान बंद करायचे नाहीत, तोंड बंद ठेवायचं." आणि विक्रोळीला उतरून गेले.

लेकाने तो सामना मोबाइलवर काढला होता. २०१५ पासून एनबीए अटीतटीच्या सामन्यांच्या शेवटच्या दोन मिनिटांचा अहवाल दुसऱ्या दिवशी स्वतःच प्रसिद्ध करतं: कुठली शिट्टी बरोबर, कुठली चूक, कुठे मारायला हवी होती आणि मारली नाही. निकाल त्याने बदलत नाही. मी स्वयंपाकघरात बसून माझ्या पूर्ण चाळीस मिनिटांचा तसा तक्ता केला. तीन रात्री लागल्या. माझ्या ३१ शिट्ट्या, त्यातल्या ७ चूक. आणि न मारलेल्या ११. त्या अकरापैकी आठ वेळा मी एक तर पळत होते, नाहीतर खेळाडूच्या बरोबर पाठीमागे उभी होते. डोळ्यांचा नंबर तपासून आणलाय, तो ठीक आहे. लेब्रॉनचा तो ले-अप मी पुन्हा काढून बघितला. या वेळी हाताकडे न बघता तिघे पंच कुठे उभे आहेत ते बघत होते. लेक म्हणाला, "आई, तू मॅच बघायचं विसरलीस."

पुढच्या तीन सामन्यांत दर फाउलनंतर मी टेबलाकडे बघितलं. इतकं, की नवव्या सामन्यात निरीक्षकांनी विचारलं, "टेबलावर कुणी ओळखीचं बसलंय का?"

निकाल फेब्रुवारीत लागला. पास. दहा फॉर्मची एकत्र शेऱ्यांची प्रत मागितली तर मिळते, मागाच. माझ्यावर होतं: आवाज चांगला, संकेत स्पष्ट, वजन कमी करावे, टेबलाशी संपर्क सुरुवातीला नाही. एकूण खर्च प्रवास सोडून ५,८८०. परत मिळायचे १,५००, त्यातले तीन सामन्यांचे अजून यायचे आहेत.

२ मार्चला प्रमाणपत्र आणि ओळखपत्र घ्यायला गेले. काउंटरवरच्या मुलीने रजिस्टर पुढे सरकवलं, "इथे सही करा." मी म्हटलं, थांब जरा. ओळखपत्रावर सासरचं नाव, प्रमाणपत्रावर माहेरचं. रजिस्टरच्या पानावर खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की एकदा पोच दिल्यावर दुरुस्तीसाठी नवीन अर्ज आणि शुल्क लागेल. मी पिशवीतून प्रतिज्ञापत्राची प्रत काढून तिच्यासमोर ठेवली आणि पेनचं टोपण परत लावलं.